एरोस्काउट एस: इंदूरच्या काळ्या मातीवर शिकण्यासाठी कसं?

हॉबीझोन कंपनीचं हे रिमोटवर उडणारं फोमचं विमान नवशिक्यांसाठी आहे: पंखांचा विस्तार सुमारे १.१ मीटर, बॅटरी ३ सेलची २२०० एमएएच. पंखा (प्रॉपेलर) मागे आहे, हा याचा सगळ्यात मोठा गुण. नाक आपटलं तरी प्रॉपेलर सहसा वाचतो, आणि शिकताना नाक आपटतंच.

आधी रिमोट सुरू करा, मग विमानात बॅटरी जोडा. जोडल्यावर विमान सपाट आणि स्थिर ठेवा, नाहीतर जायरोचा (विमानाचा कल ओळखणाऱ्या सेन्सरचा) शून्यबिंदू चुकतो. बिगिनर मोडमध्ये रिमोटची स्टिक सोडली की पंख आपोआप सरळ होतात. संकटात विमान सरळ करणारं पॅनिक बटण आहे. पण जमिनीलगत सावरायला जागाच उरत नाही, म्हणून सुरुवातीचा सराव उंचावर.

विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं भासतं आणि बहुतेक अपघात तिथेच होतात. जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला स्टिक द्या.

नांगरलेल्या शेतात चाकं रुततात, विमान पालथं होतं. तिथे हातानेच उडवा आणि गवतावर उतरवा.

बॅटरी २.२ अँपिअरवर चार्ज करा, उडवताना टायमर ६ मिनिटांचा लावा. ठेवून द्यायची असेल तर प्रति सेल ३.८ व्होल्ट. मे महिन्यात बंद गाडीत ती मुळीच ठेवू नका, फुगते.

विमानतळाजवळ उडवू नका. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा पाहा.