जनसुनावणी, उपोषण, कोर्ट की पक्ष? लोकशाही सुधारणेसाठी एकत्र येणाऱ्यांना वाट निवडताना

तालुक्याच्या गावात दहा-बारा माणसं एकत्र येतात. एखादे शिक्षक, एक निवृत्त तलाठी, एक आशाताई, दोन वकील, शेती करणारी चार पोरं. रस्ता कागदावर झालाय आणि जमिनीवर नाही, निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात, ग्रामसभा कधी झाली ते गावालाच ठाऊक नसतं. 'काहीतरी केलं पाहिजे' इथवर सगळ्यांचं जमतं. मग कुणी म्हणतं उपोषणाला बसू, वकील म्हणतात जनहित याचिका टाकू, पोरं म्हणतात आपलंच पॅनल उभं करू. अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसतो आहे आणि चांगल्या चांगल्या मंडळींचा उत्साह याच वादात आटलेला पाहिला आहे.

म्हणून आपल्या देशात लोक ज्या वाटांनी चालून गेले त्या शेजारी शेजारी ठेवून बघू. प्रत्येक वाटेला मी एकच प्रश्न विचारणार आहे: मागणी मान्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती वापरायला तिथे कोण उरलं होतं?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो त्याचं कारण आपल्या राज्यकारभाराच्या घडणीत आहे. इंग्रज गेले, दप्तर राहिलं. १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. तालुका कोर्टातला दावा आजही 'मेहेरबान दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात' असाच सुरू होतो. राज्यघटनेने प्रत्येकाला मत दिलं, पण कचेरीतली फाईल सरकारची राहिली आणि मतदार दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत अर्जदारच राहिला. अशा देशात नवा कायदा करून घेणं हे अर्धंच काम. तो कायदा हातात घेऊन टेबलासमोर उभी राहणारी माणसं तयार झाली नाहीत, तर दप्तर त्यालाही गिळतं.

हिशेब मागणारे: राजस्थान

१९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह राजस्थानातल्या देवडूंगरी या खेड्यात राहायला गेले. रॉय आयएएसची नोकरी सोडून आलेल्या, शंकर सिंह त्याच मुलखातले. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं तेव्हा मागणी साधी होती: दुष्काळी कामांवर कायद्यात लिहिलेली किमान मजुरी द्या. अधिकारी म्हणायचे, तुमचं काम मापात कमी भरलं. मजूर म्हणायचे, आम्ही पुरतं काम केलं. पण मापाचा कागद कचेरीत, म्हणजे कागद बाहेर येत नाही तोवर खोटं ठरणार ते मजूरच. माहितीच्या अधिकाराची मागणी चर्चासत्रातून आली नाही, ती या मजुरीच्या भांडणातून आली.

२ डिसेंबर १९९४ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना इथे पहिली जनसुनावणी झाली. हातात आलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढीच रीत. कामाचं नाव, मजुराचं नाव, किती दिवस, किती रुपये, कुणाचा अंगठा. ज्याचं नाव वाचलं तो उठतो आणि म्हणतो, मी त्या कामावर गेलोच नव्हतो.

याचा अनुभव ऐकून कळत नाही, म्हणून आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. एका गावच्या पाणंद रस्त्याची मस्टरं, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, आम्ही माहिती अधिकारात मिळवली आणि देवळाच्या पारावर वाचायला बसलो. एका बाईंच्या नावावर दोन आठवड्यांची हजेरी होती, पुढे अंगठा होता. बाई गर्दीतून पुढे आल्या, कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला सही येते. मी अंगठा कशाला उठवीन?" शेजारच्या वहीत त्यांनी आपली सही करून दाखवली. त्या दिवसापर्यंत गावात आमचं ऐकायला सात-आठ माणसं यायची. पुढच्या बैठकीला पारावर जागा नव्हती.

राजस्थानात पुढे काय झालं ते वाट निवडणाऱ्याने नीट बघावं. एप्रिल १९९५मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं की पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. वर्ष गेलं, नकला मिळाल्या नाहीत. ६ एप्रिल १९९६ला ब्यावरच्या चांग गेटवर धरणं सुरू झालं आणि चाळीस दिवस चाललं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा याच लढ्यातली. त्याच वर्षी माहिती अधिकाराची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा पुढे नेला. राजस्थानचा कायदा २००० साली आला, देशाचा माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५पासून लागू झाला. संघटना स्थापन झाल्यापासून पंधरा वर्षं.

पंधरा वर्षं हीच या वाटेची किंमत. शिवाय कार्यकर्ते किमान मजुरीएवढ्या मानधनात राहिले आणि संस्थांच्या अनुदानांपासून संघटना दूर राहिली. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणाऱ्यांना हे झेपेल का, याचा प्रामाणिक विचार करा. पण कायदा आला त्या दिवशी तो वापरणारी माणसं गावागावांत तयार होती, कारण ती दहा वर्षं कायद्याविनाच हिशेब मागत होती. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच कामांचा हिशेब तपासणं, कलम म्हणून आलं, तेही याच जनसुनावण्यांचं पुढचं रूप.

मैदानातलं उपोषण

महाराष्ट्राला ही वाट सर्वांत ओळखीची. राज्याचा २०००चा माहिती कायदा लेचापेचा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आधी अध्यादेश आला, आणि ऑगस्ट २००३मध्ये आझाद मैदानावर ते उपोषणाला बसल्यावर नव्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. देशाच्या कायद्याच्या दोन वर्षं आधी महाराष्ट्राच्या हातात बरा कायदा होता आणि पुण्या-मुंबईतल्या जागरूक नागरिकांनी तो लगेच वापरायला घेतला. हे श्रेय देताना हात आखडता घेऊ नये.

पण त्याच लढ्याचं दुसरं फळ बघा. बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा २००५चा कायदा. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे कुठलीही फाईल कर्मचाऱ्याच्या टेबलावर सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. हे कलम तुमच्या बैठकीतल्या किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा. मी विचारतो तेव्हा बहुतेक वेळा एखादाच हात वर येतो, तोही निवृत्त कर्मचाऱ्याचा. कायदा मिळाला, वापरणारे तयार झाले नाहीत.

२०११चं लोकपाल आंदोलन तर सगळ्यांना आठवतं. एप्रिलमध्ये जंतरमंतर, ऑगस्टमध्ये रामलीला मैदान, टोप्या, तिरंगे, सारा देश टीव्हीसमोर. डिसेंबरमध्ये मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावर मात्र गर्दी जमली नाही आणि उपोषण आवरतं घ्यावं लागलं. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३मध्ये संसदेत मंजूर झाला, पहिल्या लोकपालांची नेमणूक मार्च २०१९मध्ये. मधली पाच वर्षं ते पद भरा म्हणून रेटा लावायला रामलीला मैदानावरची माणसं उरली नव्हती. ती वाईट नव्हती, ती आपापल्या घरी गेली होती. मैदानावरून माणूस घरीच जातो, त्याला परत येण्यासाठी ठिकाण लागतं आणि ते आधीपासून बांधलेलं असावं लागतं.

उपोषण करायचंच तर मागणी एका ओळीची ठेवा, आणि ती मान्य झाल्यावर पाठपुरावा करणाऱ्या पाच जणांची नावं बसण्याआधी ठरवा. एका माणसाच्या देहावर सगळं तोललेलं असतं तेव्हा त्याच्या जिवाच्या काळजीपोटी कुणाला वेगळं मत मांडता येत नाही, हाही धोका लक्षात ठेवा.

कोर्ट

मनुष्यबळ कमी आणि अभ्यास पक्का असेल तर ही वाट खरंच मोठं काम करते. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली: उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळलं पाहिजे. २ मे २००२ला सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हा हक्क मान्य केला. राजकीय पक्षांना ते रुचलं नाही, निकाल बोथट करणारा अध्यादेश आणि मग कायद्यात दुरुस्ती आली. १३ मार्च २००३ला न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. उमेदवारी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र येतं ते यामुळे. मतदान यंत्रावरचा 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हा पर्याय, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेतून २०१३ साली आला. पक्षांना नाव न उघड करता देणगी देण्याचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ला घटनाबाह्य ठरले, स्टेट बँकेने मागितलेली ३० जूनपर्यंतची मुदत न्यायालयाने नाकारली आणि कुणी किती रोखे घेतले ते मार्चमध्येच देशासमोर आलं. मूठभर माणसांनी एवढं घडवलं.

आता असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सनेच मोजलेली दुसरी बाजू. स्वतःवर गुन्हे दाखल असल्याचं जाहीर करणारे खासदार २००९च्या लोकसभेत १६२ होते, २०१४मध्ये १८५, २०१९मध्ये २३३ आणि २०२४मध्ये २५१. प्रतिज्ञापत्रं उघडी आहेत, वेबसाइटवर आहेत, आणि आकडा चढतोच आहे. वॉर्डात बसून ते प्रतिज्ञापत्र शेजाऱ्याला वाचून दाखवणारं कुणी नसेल तर मतदाराचा हक्क निकालपत्रातच राहतो.

कोर्टाची आणखी एक गोष्ट: तारीख तुमच्या हातात नसते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागांचे वाद न्यायालयात पडून राहिले, आणि राज्यभरातल्या महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती गेल्या. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं ते शेवटी. तोवर त्या वॉर्डांतल्या माणसाला नगरसेवकच नव्हता.

पक्ष

यावर थोडक्यात बोलतो, कारण हा निर्णय आंदोलनाचा राहत नाही. लोकपाल आंदोलनातून नोव्हेंबर २०१२मध्ये आम आदमी पक्ष निघाला. २०१३मध्ये दिल्लीत २८ जागा, २०१५मध्ये ७० पैकी ६७. त्याच वर्षी पक्षांतर्गत प्रश्न विचारणारे योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण बाहेर काढले गेले. फेब्रुवारी २०२५मध्ये जागा २२वर आल्या. शाळा-दवाखान्यांवर झालेलं काम मी नाकारत नाही. पण सत्तेत गेलेल्या मंडळींना बाहेरून हिशेब विचारणारं संघटन मागे उरलं नाही, हे नुकसान मला जागांपेक्षा मोठं वाटतं. पॅनल उभं करायचं असेल तर करा, फक्त हिशेब मागणारा गट वेगळा ठेवा आणि त्यातल्या कुणी उमेदवारी घेऊ नये असं आधीच लिहून काढा.

मेंढा लेखा

गडचिरोलीतलं हे शंभरएक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपण ऐकलेली असते, त्यामागचा अभ्यास ऐकलेला नसतो. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची पद्धत लावली: आधी विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा आणि तोही सर्वसहमतीने. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढे ढकलायचा. बायका-पुरुष सगळे सभेत. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. दुसऱ्या दिवशी ते वापरायला कोण होतं हे इथे विचारावंच लागत नाही, अख्खं गाव होतं.

शहराजवळच्या, पाच-सहा हजार वस्तीच्या, जातींत आणि भावकीत वाटलेल्या गावात सर्वसहमती इतकी सोपी नाही, हे मान्य. पण ग्रामसभा तिथेही आहे. कोरम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जो आकडा कमी तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. पुष्कळ गावांचा कारभार या तहकूब सभेतच उरकला जातो. शंभर माणसं पहिल्या सभेलाच नेऊन बसवणं हे तुमच्या गटाला जमण्यासारखं आहे आणि त्याला ना कोर्ट लागतं ना उपोषण.

मग कुठून सुरू करावं

माझं मत विचाराल तर राजस्थानसारखं हिशेब मागण्यापासून. वर्षभर तेवढंच. मुद्दा सगळ्या राज्याचा असेल, कागद पक्का असेल आणि विनाशुल्क उभा राहणारा वकील असेल तर कोर्ट. उपोषण अगदी शेवटी. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर ग्रामसभेची जागा वॉर्डातल्या बैठकीने भरून काढावी लागेल आणि ते जास्त कष्टाचं आहे.

माहितीचा अधिकार आता पूर्वीइतका धारदार नाही. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्राच्या हाती गेलं. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीची सबब अधिक रुंद केली. राज्य माहिती आयोगापुढे २०२४मध्ये एक लाखावर प्रकरणं पडून होती. म्हणून या आयोगाकडे जाणाऱ्या दुसऱ्या अपिलावर विसंबू नका. पंचायत समितीत जाऊन फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा आणि चौघांनी मिळून जा.

चौघांनी, हे मुद्दाम सांगतो. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहिती अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार उघड करत होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१०ला सकाळी त्यांचा खून झाला. एकट्याच्या नावाने अर्ज टाकू नका. तोच अर्ज दहा घरांतून, दहा नावांनी, निदान तीन आळ्यांतून जाऊ द्या.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या अर्जात एकाच कामाचं मस्टर, मोजमाप पुस्तिका आणि बिल मागा, आणि काम असं निवडा की जे गावातल्या प्रत्येकाच्या रोज पायाखालून जातं. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. ते तीस दिवस घरोघरी जाऊन ग्रामसभेची तारीख सांगण्यात घाला.