पहिला पॅडलबोर्ड निवडताना: हवेचा बोर्ड की कडक बोर्ड?

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग, म्हणजे बोर्डावर उभे राहून वल्ह्याने पाण्यावर पुढे जाणे, शिकायचे ठरवलेल्या माणसासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो बोर्डाचा. बाजारात दोन घराणी आहेत: पंपाने हवा भरून घ्यायचा बोर्ड आणि फोमवर फायबरग्लासचे कवच चढवलेला कडक बोर्ड. दोन्हींचे समर्थक आपापल्या बाजूने ठामपणे बोलतात, आणि दोघांचेही बरेचसे म्हणणे खरे असते. त्यामुळे नवशिक्याने कोणता बोर्ड चांगला असे विचारण्यापेक्षा आपण कोणत्या पाण्यावर जाणार आहोत, बोर्ड कुठे ठेवणार आहोत आणि तो पाण्यापर्यंत कसा नेणार आहोत, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी स्वतःशी पक्की करावीत. किमतीचा विचार त्यानंतर करावा.

दोन्हींची घडण

हवेचा बोर्ड पाण्यात खेळायच्या गादीसारखा असेल अशी अनेकांची समजूत असते, ती चुकीची आहे. या बोर्डाच्या वरच्या आणि खालच्या थरांना आतून हजारो उभे धागे जोडून धरतात. हवा भरली की हे धागे ताणले जातात, बोर्ड मध्ये फुगत नाही आणि दोन्ही पृष्ठभाग सपाट राहतात. या विणीमुळेच त्यात बहुधा 12 ते 15 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक), काही बोर्डांत त्याहूनही अधिक दाब भरता येतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय असतो हे लक्षात घेतले, तर हा दाब किती मोठा आहे याची कल्पना येईल. पूर्ण भरलेला चांगला बोर्ड बोटाने दाबून दबत नाही.

पण हा पूर्ण दाब भरणे हेच हवेच्या बोर्डाचे खरे काम आहे, आणि बहुतेक नवशिके इथेच कमी पडतात. हातपंपाने सुरुवातीला हवा झपाट्याने जाते, बोर्डाला आकार येतो, तरी दाबमापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही. मग हळूहळू दांडा जड होऊ लागतो, सात-आठ पीएसआयच्या पुढे प्रत्येक दाबाला अंगाचे वजन टाकावे लागते, आणि बोर्ड हाताला टणक लागत असल्याने आता पुरे झाले असे वाटून माणूस थांबतो. असा अर्धवट भरलेला बोर्ड उभे राहिल्यावर मधोमध वाकतो, त्याची दोन्ही टोके वर येतात आणि तो डगमगू लागतो. नवशिक्या मात्र दोष स्वतःच्या तोलाला देतो. म्हणून हवेचा बोर्ड घेणाऱ्याने दोन्ही दिशांनी हवा ढकलणारा आणि जड जाऊ लागल्यावर एका दिशेवर आणता येणारा पंप घ्यावा, किंवा मोटारीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा विजेचा पंप घ्यावा. काटा उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यापर्यंत पोहोचेस्तोवर थांबू नये. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, व्हॉल्व्हमधली स्प्रिंगची पिन हवा भरण्यापूर्वी वर आलेली असली पाहिजे. ती खाली दाबलेलीच राहिली, तर नळी काढताक्षणी सगळी मेहनत फुस्स करून बाहेर पडते.

कडक बोर्डाला यातले काहीच लागत नाही. आत हलका फोम, वर फायबरग्लास आणि इपॉक्सीचे कवच. उचलला, पाण्यात टाकला आणि निघाले. त्याच्या कडांना हवा तसा आकार देता येतो, त्यामुळे तो पाणी अधिक नीट कापतो, वल्ह्याच्या एका ओढीत अधिक लांब सरकतो आणि लहान लाटांवर उसळत नाही. हवेच्या बोर्डाची कड सहा इंच, म्हणजे 15 सेंटीमीटर जाडीची आणि सगळीकडे सारखीच गोल असते. शिवाय त्यावर उभा असलेला माणूस पाण्यापासून थोडा उंचावर असतो. पाण्याची बारीक हालचाल तळपायाला कळणे आणि त्याप्रमाणे तोल सावरणे, हे शिक्षण कडक बोर्ड अधिक स्पष्टपणे देतो, असे माझे मत आहे.

मात्र नवशिक्या पडतो, आणि वारंवार पडतो. तोल जाताना नडगी, बरगडी किंवा हनुवटी बोर्डावर आपटणे हे पहिल्या काही दिवसांत होणारच. हवेच्या बोर्डावर आपटल्यास झळ कमी बसते. कडक बोर्डाची कड लागली तर चांगलेच जाणवते. उलट बाजूने, आपटण्याचा त्रास बोर्डालाही होतो. कडक बोर्ड खडकावर, धक्क्याच्या काठावर किंवा मोटारीच्या दारावर घासला की कवचाला चीर पडते. त्या चिरेतून फोममध्ये पाणी शिरते, आणि मग तो भाग पूर्ण वाळवून चीर बुजवेपर्यंत बोर्ड पाण्यात उतरवता येत नाही. हवेचा बोर्ड अशा धक्क्यांना सहज पचवतो. त्याचे शत्रू वेगळे आहेत. काठावर कडक उन्हात भरलेला ठेवला तर आतली हवा प्रसरण पावून दाब वाढतो आणि शिवणींवर ताण येतो, म्हणून तो सावलीत ठेवावा किंवा थोडी हवा सोडावी. तसेच ओला गुंडाळून पिशवीत कोंबला तर बुरशी धरते.

ठेवण्या-नेण्याच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. साडेदहा फुटांचा कडक बोर्ड म्हणजे 3.2 मीटर लांबीची वस्तू. तिला घरात आडवी किंवा उभी जागा हवी, मोटारीच्या टपावर कॅरियर हवा, आणि वाऱ्याच्या दिवशी ती काखेत धरून चालणे हाच एक व्यायाम होतो. हवेचा बोर्ड गुंडाळला की पाठीवरच्या मोठ्या पिशवीत मावतो.

म्हणून माझा निर्णय असा: पाण्याच्या अगदी जवळ बोर्ड ठेवायला सुरक्षित जागा असेल आणि पुढे लाटांवर जायची मनापासून इच्छा असेल, तर कडक बोर्ड घ्यावा. बाकी बहुतेक सगळ्यांसाठी पूर्ण सहा इंच जाडीचा हवेचा बोर्ड योग्य आहे. चार इंच जाडीचे स्वस्त बोर्डही मिळतात, पण भरलेल्या अंगाच्या प्रौढ माणसाखाली ते वाकतात, आणि ही बचत पहिल्याच दिवशी नको होते.

रुंदी आणि लांबी

घडणीनंतर आकार. सर्वसाधारण वापराचा, गोल नाकाचा बोर्ड 10 ते 11 फूट लांब आणि 32 ते 34 इंच रुंद असतो. लांब पल्ल्याचा टूरिंग बोर्ड साडेअकरा-बारा फुटांपासून पुढे जातो, त्याची रुंदी बहुधा 28 ते 32 इंचांदरम्यान असते आणि नाक टोकदार असते. गोल नाकाचा आकार सर्फबोर्डांकडून आला आहे. हा खेळच मुळात हवाईतल्या वायकीकी किनाऱ्यावरच्या सर्फिंग शिकवणाऱ्यांच्या वल्हे घेऊन उभे राहण्याच्या पद्धतीतून आला, आणि या शतकाच्या सुरुवातीला लेर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांच्यासारख्या सर्फरांमुळे जगभर पोहोचला. टोकदार नाकाचे नाते मात्र होडीशी आहे. ते पाणी ढकलत नाही, दुभंगते.

रुंदीने स्थिरता मिळते, लांबीने वेग आणि सरळ जाण्याचा गुण मिळतो. पहिल्या बोर्डासाठी यांपैकी रुंदीला प्राधान्य द्यावे. परंतु जितका रुंद तितका उत्तम असे समजून 35-36 इंचांचा बोर्ड घेऊ नये. वल्हे उभे धरण्यासाठी मग हात कडेच्या पलीकडे फार ताणावा लागतो, ओढ तिरकी होते आणि प्रत्येक ओढीला बोर्ड वळतो. मध्यम बांध्याच्या माणसाला 32 ते 33 इंच पुरतात. अंग हलके असल्यास 31 इंचही चालतात.

आकारमान लिटरमध्ये सांगितलेले असते, आणि नवशिक्याने किलोतल्या वजनाच्या दुप्पट लिटर घ्यावेत असा ढोबळ नियम सांगितला जातो. हा नियम कडक बोर्डाला उपयोगी पडतो. हवेच्या जाड बोर्डाचे आकारमान मुळातच याच्या बरेच वर असते, त्यामुळे तिथे या आकड्यापेक्षा उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा पाहावी, आणि आपले वजन अधिक सामान मिळून त्या मर्यादेच्या बरेच खाली राहील असा बोर्ड निवडावा. मर्यादेच्या काठावर बोर्ड तरंगतो खरा, पण नीट चालत नाही.

वल्हे

बोर्डाबरोबर फुकट येणारे वल्हे बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ते टिकाऊ असते, त्याची लांबी बदलता येते, पण ते जड असते आणि थंडीत हाताला गार लागते. फायबरग्लासच्या दांड्याचे वल्हे हलके असते, कार्बनचे त्याहून हलके. एका तासात हे वल्हे शेकडो वेळा पाण्याबाहेर काढून पुढे न्यावे लागते, त्यामुळे वजनातला थोडा फरकही संध्याकाळी खांद्यांना कळतो. सुरुवातीला ॲल्युमिनियमवर शिकायला हरकत नाही, परंतु खेळ आवडला आणि हातात थोडे पैसे असले, तर बोर्ड बदलण्याआधी वल्हे बदलावे. त्यात मिळणारा फरक अधिक मोठा असतो.

निवडीत लांबी बदलता येणारे वल्हे घ्यावे आणि ते आपल्या उंचीपेक्षा 20 ते 25 सेंटीमीटर अधिक ठेवावे. हातात घेतल्यावर एक गोष्ट आवर्जून पाहावी: वल्ह्याचे पाते दांड्याशी थोडे कोनात असते, आणि ते पुढच्या दिशेला, बोर्डाच्या नाकाकडे झुकलेले असले पाहिजे. पाते चमच्यासारखे पाणी उपसेल असे वाटून जवळजवळ प्रत्येक नवशिक्या ते उलटे धरतो. योग्य बाजूने धरले, तर पाते अंगाजवळ येताना पाण्यात उभे राहते, आणि ओढ पाणी वर उचलण्यात वाया न जाता पुढे जाण्यासाठी वापरली जाते. पाते पूर्ण बुडवावे, पायाच्या घोट्यापर्यंत ओढावे आणि तिथेच काढून घ्यावे.

दोरी आणि लाइफ जॅकेट

माणसाला बोर्डाशी जोडून ठेवणाऱ्या दोरीचे, म्हणजे लीशचे, तीन प्रकार आहेत आणि त्यांतली निवड आवडीची नाही, पाण्याची आहे. गुंडाळीदार लीश शांत पाण्यासाठी, कारण ती पाण्यात लोंबकळत नाही. सरळ लीश लाटांसाठी, कारण गुंडाळीदार लीश ताणली गेल्यावर बोर्डाला उसळून परत माणसावर आणते. तिसरी, वाहत्या नदीसाठी, कमरेच्या पट्ट्याला जोडलेली आणि एका ओढीत सुटणारी. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेली लीश प्राणघातक ठरू शकते: ती फांदीत किंवा खांबात अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. हे इतके महत्त्वाचे आहे की, सुटणारी लीश मिळत नसेल तर नवशिक्याने नदीत उतरू नये.

लाइफ जॅकेटचे दोन पर्याय समोर येतात, अंगात घालायचे फोमचे आणि कमरेला बांधायचे, दोरी ओढल्यावर फुगणारे. दुसरे सुटसुटीत आहे, पण पाण्यात पडल्यावर ते स्वतः फुगवून डोक्यातून घालावे लागते. घाबरलेल्या किंवा पोहणे कच्चे असलेल्या माणसाला ते जमेलच असे नाही. त्यामुळे सुरुवातीला फोमचेच घ्यावे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2008 मध्ये पोहण्या-सर्फिंगच्या पट्ट्याबाहेर वापरल्या जाणाऱ्या पॅडलबोर्डाला जलयान ठरवले आणि लाइफ जॅकेटचा नियम त्यालाही लागू झाला. त्यामागचे कारण कोणत्याही पाण्यावर तितकेच खरे आहे.

तलाव की समुद्र, शिक्षक की स्वतः

पहिल्या दिवसांसाठी लहान, बंदिस्त, शांत पाणी निःसंशय उत्तम. इथे खरा धोका लाटांपेक्षा वाऱ्याचा आहे, कारण उभ्या माणसाचे सगळे अंग वाऱ्याच्या तोंडी येते. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असला की काठाजवळचे पाणी काचेसारखे दिसते, आणि म्हणूनच तो फसवतो: थोडे आत गेल्यावर तो जोर धरतो आणि परतीची वाट त्याच्याविरुद्ध असते. पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले की वारा सुमारे 10 नॉट, म्हणजे ताशी 18 किलोमीटरच्या आसपास आला असे समजावे, आणि नवशिक्याने त्या दिवशी उतरू नये. आत असताना वारा वाढलाच, तर गुडघ्यांवर बसावे, तरीही पुढे सरकता येत नसेल तर पालथे पडून हातांनी वल्हवावे, पण बोर्ड सोडून पोहत निघू नये.

स्वतःहून शिकता येते हे खरे. गुडघ्यांवर सुरुवात करून, बोर्ड उचलायच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, नजर पायांकडे न नेता दूरवर ठेवून उभे राहणे अनेकांना पहिल्याच दिवशी जमते. परंतु पडल्यावर खोल पाण्यातून बोर्डावर परत चढणे आणि वाऱ्याविरुद्ध वळवणे या दोन गोष्टी शिक्षकासमोर एकदा केलेल्या बऱ्या. खरेदीआधी बोर्ड भाड्याने घेणेही याच कारणाने शहाणपणाचे आहे. भाड्याच्या ठिकाणी जमल्यास एकदा हवेच्या आणि एकदा कडक बोर्डावर उभे राहून पाहावे. मात्र तिथले बोर्ड पुष्कळदा मुद्दाम जाड, जड आणि फार रुंद ठेवलेले असतात, म्हणून त्यांच्या संथपणावरून खेळाविषयी मत बनवू नये. हवेचा बोर्ड मिळाला, तर उतरण्यापूर्वी त्यातला दाब किती आहे ते विचारून घ्यावे.