कुरण मोजणारी तबकडी: पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

कुरणात किती गवत उभे आहे याचा अंदाज मी आजवर नजरेनेच घेत असे. पण नजर रोज सारखी राहत नाही, म्हणून उभ्या दांडीवर वरखाली सरकणारी हलकी तबकडी असलेले साधे यांत्रिक उपकरण घेतले आणि पूर्ण हंगामभर दर आठवड्याला वापरले. दांडी जमिनीला टेकवली की तबकडी गवतावर विसावते आणि दबलेल्या गवताची उंची अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्यांत काउंटरवर चढते. नागमोडी चालत तीस-चाळीस ठिकाणी टेकवून सरासरी काढायची, एवढेच काम आहे. मात्र शेणाभोवती जनावरांनी सोडलेले उंच झुबके जाणूनबुजून टाळले, तर ती सरासरी आपणच आपल्याला दिलेली थाप ठरते.

सोबतच्या पुस्तिकेत रायग्रास (चराईचे एक गवत) आणि क्लोव्हर (द्विदल चारा) यांच्या कुरणासाठी रूढ असलेले समीकरण दिले आहे: टप्प्यांना १४० ने गुणून ५०० मिळवले की हेक्टरी शुष्क चारा किलोत मिळतो, म्हणजे १४ टप्प्यांना २,४६० किलो. पडताळा म्हणून मी अर्धा मीटर बाजूच्या चौकटीतले गवत बुडापासून कापून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवले आणि ग्रॅमला ४० ने गुणले. गवत पानांवर असताना दोन्ही आकडे बऱ्यापैकी जुळले. गवत निसवल्यावर, म्हणजे तुरे बाहेर पडल्यावर, मात्र प्रत्यक्ष वजन समीकरणाच्या पुढे गेले, आणि ते बहुतांशी ताठ दांड्यांचे व बुडातल्या वाळक्या पानांचे होते. अशा चाऱ्याला गाय फारशी तोंड लावत नाही, आणि तबकडीला हा फरक कळत नाही.

माझी खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे, कारण गवत वाढते कसे याविषयी तिच्यात एक ओळही नाही. कुरणाची वाढ फुटव्यांवर, म्हणजे गवताच्या बुडातून निघणाऱ्या कोंबांवर चालते. फुटवा नखाने उभा चिरला, तर एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या आत, जमिनीलगत, जेमतेम दिसणारा वाढबिंदू सापडतो; तो जनावराच्या दातांखाली येत नाही, म्हणूनच चरलेले गवत पुन्हा उठते. पान बुडाकडून वाढत असल्याने चराईनंतर दोन दिवसांनी पोंग्यातले अर्धवट खुडलेले पान आपले सपाट, कापलेले टोक घेऊनच वर आलेले दिसते. रायग्रासच्या फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच पाने जिवंत असतात. चौथे येऊ लागले की सर्वांत जुने पिवळे पडते आणि तेवढा चारा वाया जातो. चराईनंतरचे पहिले पान मात्र बुडात साठलेल्या साखरेवर निघते, त्या काळात मुळांची वाढ जवळजवळ थांबते, आणि तेव्हाच जनावरे पुन्हा सोडली तर फुटवा खचतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पानादरम्यानची वेळ चराईला योग्य. पण काउंटरवरचे १४ टप्पे एका पानाचे की तीन पानांचे, हे गुडघ्यावर बसून मोजल्याशिवाय समजत नाही. मी प्रत्येक तुकड्यात आधी दहा फुटव्यांची पाने मोजतो आणि मगच तबकडी उचलतो.

कांडी लांबू लागली की वाढबिंदूही वर सरकतो. तो खाल्ला गेला की त्या फुटव्याची वाढ तिथेच संपते आणि पुढची भिस्त बुडाच्या डोळ्यांतून येणाऱ्या नव्या फुटव्यांवर राहते. त्यांना उजेड लागतो, म्हणून चराईनंतर बुडाशी किती गवत उरले हे पाहणे गरजेचे असते, आणि त्या मोजणीत हे उपकरण मला सर्वाधिक उपयोगी पडले.

बांधणी मजबूत आहे, परंतु काउंटरच्या दात्यांत चिखल गेला की आकडा अडकतो, तेव्हा दर फेरीनंतर तो धुवावा लागतो. ओले, लोळलेले गवत असेल त्या दिवशी मोजणीच करू नये. ठोंबांनी वाढणाऱ्या उंच गवतांसाठी तर ही खरेदी करूच नये, कारण तबकडी एकदा ठोंबावर अडते आणि पुढच्याच पावलाला दोन ठोंबांमधल्या उघड्या मातीवर जाऊन बसते.