कानात बुचं घालून आठ महिने

आधीच सांगतो, बाइकवर इअरप्लग घालून माझ्या कानात सतत वाजणारी शिटी (डॉक्टरी भाषेत टिनिटस) बंद झालेली नाही. ज्यांना तेवढंच बघायचं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी जरा पाल्हाळ लावतो.

मी लिफ्टचं सर्व्हिसिंग करतो, राहायला मुलुंडला, आणि दिवसभर बाइकवर. सकाळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने सायन-परळ, मध्येच कॉल आला की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरी, परत घाटकोपर, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात आणि हे चौदा वर्षं चाललंय. रविवारी ग्रुपबरोबर माळशेज नाहीतर जुन्या हायवेने लोणावळा. एक्सप्रेसवेवर आपल्याला सोडत नाहीत, सी लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर पण नाही, म्हणजे मोकळा वारा खायच्या सगळ्या जागांवर बाइकला बंदी, आणि तरी वाऱ्यानेच कान खाल्ले.

डिसेंबरात माळशेजहून आलो त्या रात्री बायकोला विचारलं, कुकर लावलायस का? ती म्हणाली रात्री साडेअकराला कोण कुकर लावतं. शिटी होण्याआधी कुकर जो बारीक सूंऽऽ करतो ना, अगदी तोच आवाज. दोन्ही कानांत. आईचं म्हणणं कानात वारं शिरलंय, तिने लसणाचं तेल कोमट करून टाकलंसुद्धा, आणि मी गपचूप टाकून घेतलं. असे तीन आठवडे घालवले.

डॉक्टरांनी आधी त्या तेलावरून झापलं. मग ऑडिओमेट्री. छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. मला तर मधेमधे बीप आहे की माझीच शिटी आहे तेच कळेना. ग्राफ बऱ्यापैकी सरळ चालत येतो आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक उंच आवाजांपाशी, खड्डा, पुढे परत थोडा वर. डॉक्टरांनी ग्राफ बघूनच विचारलं, कारखान्यात काम करता का? म्हटलं नाही, बाइक चालवतो. आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण आहे म्हणे. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, आणि तिथून येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवत बसतो, तो वाढवलेला व्हॉल्यूम म्हणजे ही शिटी. तीन आठवडे थांबलो म्हणून अजून एकदा बोलणी खाल्ली. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर ती इमर्जन्सी असते, पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू करावं लागतं. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तरी आधी दाखवून या, तेलबिल नको. (वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कानाच्या तपासण्या तिथेही होतात.)

आता वाऱ्याचं. मला वाटायचं सायलेन्सरचा आवाज कानाला लागतो. पण साधारण ६५ च्या पुढे गेलात की हेल्मेटमध्ये इंजिनापेक्षा वाराच जास्त वाजतो, मुख्यतः हनुवटीखालून आणि मानेकडून घुसतो तो. शंभरच्या स्पीडला आत १०० डेसिबलच्या आसपास जातं. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांच्या त्या सिग्नलचा व्हिडिओ फिरला होता आठवतोय का, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा परत पहिल्यापासून सुरू? ८५ हाच आकडा कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशोबात आहे, दिवसाला किती वेळ ऐकलं तर चालतं त्याच्या: ८५ ला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० ला फक्त १५ मिनिटं. म्हणजे लोणावळ्याला जाताना माझा दिवसाचा कोटा पनवेलच्या आसपासच संपत असणार. आणि मोबाइलवरच्या अॅपने मोजायला जाऊ नका, मी गेलो होतो, माइकवर वारा बसतो आणि कायच्या काय आकडे येतात.

तर बुचं. पहिले तीन महिने नारिंगी फोमची, जोडी वडापावच्या भावात. पाकिटावर २९ (डेसिबल आवाज अडवतं असं) लिहिलेलं असतं पण नुसती कोंबली तर त्याच्या निम्मंही मिळत नाही, पहिला आठवडा मी नुसती कोंबतच होतो. बोटांत वळून वातीसारखं बारीक करायचं, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचं आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं, वीस-तीस सेकंद. मगच हेल्मेट. हेल्मेट घालताना कान दुमडला तर बूच निम्मं बाहेर येतं आणि ते कळतं कुठे, तर विक्रोळीला. बाजूला घ्या, हेल्मेट काढा, परत सगळं पहिल्यापासून.

ट्रॅफिक ऐकू येतं का हे सगळेच विचारतात. येतं. हॉर्न येतो, अॅम्ब्युलन्स येते, हायवेला तर वाऱ्याचा गोंगाट कमी झाल्यामुळे मला हॉर्न उलट स्पष्ट वाटतो. पण कुठल्या बाजूने आला ते पटकन कळत नाही, त्यामुळे आरशात बघणं वाढलंय. आणि फोममध्ये माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात, पेट्रोल पंपावर तीनशेचं सांगितलं की पाचशेचं यावरून एकदा वाद झाला. म्हणून एप्रिलमध्ये अठराशे घालून फिल्टरवाली सिलिकॉनची घेतली. अडवतात फोमपेक्षा कमी पण बोलणं कळतं. आता शहरात ती आणि लांब जायचं तर फोम.

मे महिन्यात एका हवालदारांनी अडवलं. कानातलं काढा. मी म्हटलं साहेब गाणी नाहीत, बुचं आहेत. हातात घेऊन वायर शोधायला लागले, उलटंसुलटं करून बघितलं, शेवटी म्हणाले आम्ही दिवसभर इथे हॉर्नमध्ये उभे असतो, आम्हाला नाही देत कोणी. माझ्याकडे फोमची एक कोरी जोडी होती ती दिली. वळायची कशी ते तिथेच सिग्नलला शिकवलं.

पावसाळा वाईट गेला. रेनकोट, ओला कान, वर बूच, जुलैत खाज सुटली आणि बुरशी निघाली. दहा दिवस थेंब, बुचं बंद, आणि तेवढे दिवस हायवेला साठच्या वर गेलो नाही. चूक माझीच, एकच फोमची जोडी आठवडाभर वापरत होतो. आता फोम एक-दोन दिवसांत फेकतो, सिलिकॉनची रोज रात्री साबणाने धुऊन सुकवतो. त्याच दिवसांत बाइकची छोटी विंडशील्ड पण काढून टाकली, ती वारा उचलून बरोब्बर हेल्मेटवर मारत होती. हेल्मेटला खालून लावायचा हनुवटीचा पडदा पण घेतला, फरक आहे, थोडा.

सगळ्यात मोठी चूक मात्र फेब्रुवारीतली. बुचं इतकी आवडायला लागली की ती घालूनच झोपायला लागलो, लिफ्टच्या मशीन रूममध्ये, बाजारात, अगदी जेवतानासुद्धा. शिटी वाढली. बाहेरचं सगळं बंद केलं की आत तीच एक उरते, आणि साधं भांडं पडलं तरी दचकायला लागलो. डॉक्टर म्हणाले कानाला उपाशी ठेवलंत तर मेंदू अजून व्हॉल्यूम वाढवणार. तेव्हापासून बुचं फक्त बाइकवर, आणि गणपतीत आमच्या गल्लीतल्या ढोल-ताशापुरती. रात्री उलट पंखा मोठा, नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज, शिटीपेक्षा थोडा हळू, तिला पूर्ण झाकेल एवढा नाही. जूनमध्ये खरा पाऊस मागच्या पत्र्यावर पडायला लागला त्या रात्री किती महिन्यांनी मी सलग सहा तास झोपलो.

मागच्या आठवड्यात परत ऑडिओमेट्री केली. खड्डा होता तेवढाच आहे, खोल झालेला नाही. शिटी दिवसा कामात विसरायला होते, रात्री असते. आणि लोणावळ्याहून आल्यावर पूर्वी डोकं जड होऊन तासभर कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही, ते गेलं. हे बायकोने सांगितलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कानाचा साचा घेऊन बनवून मिळतात ती करायचा विचार आहे, हेल्मेट घालताना सरकत नाहीत म्हणे. कोणी वापरली असतील तर मुंबईच्या घामात टिकतात का तेवढं सांगा.