शेततळ्यात सोडायचे शिंपले: शंभर नगांचा हिशेब बसत नाही

शेततळं हिरवं पडलं की ठिबकचे फिल्टर दिवसातून दोनदा धुवावे लागतात. त्यावर उपाय म्हणून गोड्या पाण्यातले जिवंत शिंपले शेकड्यावर विकायला येतात. शंभर नग सोडा, पाणी नितळ होईल, असं सांगितलं जातं. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांनी पैसे मोजण्याआधी गणित मांडून बघावं.

माल ओल्या पोत्यात आला तर चांगला. बंद पिशवीतल्या पाण्यात शिंपले गुदमरतात. किंचित उघड्या शिंपल्याला टिचकी मारली की तो मिटतो. मिटला नाही तर मेलेला समजा. मिटलेलाच पण फार जड लागला, तर दोन्ही शिंपा अंगठ्याने एकमेकींवर उलट दिशेला सरकवून बघा. आत नुसता चिखल असेल तर त्या सरकतात. मेलेला एकही नग पाण्यात जाऊ देऊ नका. तो कुजला की अमोनिया सुटतो आणि शेजारचेही मरतात.

आता मुख्य गोष्ट. मोठा शिंपला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो. म्हणजे शंभर नग अहोरात्र चालले तरी दिवसाला 1,200 ते 2,400 लिटर. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात बाजूंचा उतार धरून जवळपास 20 लाख लिटर पाणी मावतं. ते एकदा गाळायलाच दोन वर्षांच्या वर लागतील, आणि शेवाळ तर काही दिवसांत दुप्पट होतं. दहा दिवसांत एक फेरा हवा असेल तर आठ ते सतरा हजार शिंपले लागतील.

शिंपल्यांनी पाणी बदलतं हे खोटं नाही, पण ते संख्येवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीमुखात 1986 साली पूर्व आशियातला एक छोटा शिंपला सापडला. काही ठिकाणी तो चौरस मीटरला दहा हजारांवर गेला. 1987 पासून तिथला उन्हाळ्यातला सूक्ष्म शेवाळाचा बहर जवळजवळ नाहीसा झाला. मग त्या शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी घटले, कोळंबीसारखे बारीक जीव घटले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचं खाणं तुटलं. पाणी नितळ झालं, ते माशांच्या ताटातलं काढून. तळ्यात कटला मासा सोडला असेल तर हेच ध्यानात घ्या: हिरवं पाणी त्याचं फुकटचं खाद्य आहे. सोडलेले शिंपले खरंच पुरे पडले, तर पेंड नि कोंड्याचा खर्च वाढेल.

शिवाय गाळलेलं सगळं पोटात जात नाही. नको असलेले कण शिंपला चिकट गोळ्या करून बाहेर टाकतो. निळ्या-हिरव्या शेवाळाचे मोठे पुंजके बऱ्याचदा असेच परत येतात. तंतूसारखं शेवाळ तर त्याच्या कामाचंच नाही. पचलेल्यातलं नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात परततं आणि त्यावर नवं शेवाळ वाढतं. खताचं पाणी तळ्यात उतरत असेल तर आधी ते अडवा.

तरी सोडायचेच असतील तर तळाला टाकू नका. उन्हाळ्यात खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो, आणि प्लॅस्टिकच्या अस्तरावर शिंपल्याला रुतायला जागा नसते. द्राक्षाच्या क्रेटमध्ये चार बोटं वाळू घालून ती मीटरभर खोलीवर दोरीने टांगा. मेलेले उचलणंही सोपं जातं. आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार! शेवाळासाठी तळ्यात मोरचूद टाकलं, किंवा बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) पंप तिथे धुतला, तर तांब्याने शिंपले मरतात. दोन्ही उपाय एकत्र चालत नाहीत.

दहा हजार लिटरच्या सिमेंटच्या हौदाला मात्र हेच शंभर नग उपयोगी आहेत. चार ते आठ दिवसांत एक फेरा होतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. पण पाणी नितळ झालं की त्यांची उपासमार सुरू होते, म्हणून त्यांना पुन्हा हिरव्या पाण्यात हलवावं लागतं.

सगळ्यात खटकणारी बाब म्हणजे माल कुठला, याचं सरळ उत्तर विक्रेत्याकडून मिळत नाही. या शिंपल्यांची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, मगच वाळूत पडतात. मासे नसलेल्या तळ्यात त्यांची पैदास होत नाही. म्हणजे पैदास केंद्रातला माल नसेल, तर दर खेपेला नवा माल बहुधा नदीतूनच उचलला जाणार. कृष्णा-वारणेच्या वाळूतून हजारोंनी शिंपले निघाले तर तिथलं गाळण्याचं काम थांबेल. पैदास केंद्रातला माल असल्याची पावती दाखवली नाही, तर हौदासाठीसुद्धा घेऊ नका.