सागाच्या 75 झाडांत बुडालेले 2,21,000 रुपये

2012 साली ठाणे स्थानकाजवळच्या एका कार्यालयात मी मुरबाड तालुक्यातील दहा गुंठ्यांवरच्या सागासाठी 1,85,000 रुपये भरले आणि पुढे आठ वर्षे देखभालीचे दरसाल 4,500, म्हणजे आणखी 36,000 रुपये, देत राहिलो. मी शेतकरी नसल्याने जमीन माझ्या नावे होणार नव्हती; करार केवळ झाडांचा होता. अशा योजना कशा गळी उतरवतात ते आपण जाणताच.

करारात दोन बाय दोन मीटरवर 250 रोपे लिहिली होती. प्रत्यक्षात ती बारा बारा फुटांवर निघाली, एकूण 75. जमीनमालक म्हणाला, "साहेब, अंतर जास्त असलं की झाड लवकर जाड होतं." हे खोटे नव्हते, म्हणूनच मी फसलो. मोकळ्या जागेत सागाचे खोड लवकर जाड होते खरे, पण चहूबाजूंनी ऊन मिळाल्याने खालच्या फांद्याही जगतात, मनगटाएवढ्या होतात, वाढते खोड त्यांना पोटात घेते आणि प्रत्येक फांदीमागे लाकडात एक गाठ राहते. दाट लागवडीत त्याच फांद्या सावलीमुळे बारीक असतानाच वाळतात, खोड सरळ चढते आणि नंतर विरळणी करून, म्हणजे मधली झाडे काढून, निवडक झाडांना जाड होण्यासाठी जागा दिली जाते. रोपे लावल्याबरोबर अंतर टेपने मोजा आणि करारातल्या आकड्याशी ताडून पाहा.

2017 च्या पावतीवर "विरळणी व छाटणी" असे स्पष्ट लिहिले होते. ती पावती आजही पाहवत नाही. बारा फुटांवरच्या पाच वर्षांच्या झाडांची विरळणी कसली? छाटणी झाली असती तर कमरेच्या उंचीवर फांद्या कशा राहिल्या असत्या? तेथील एका म्हाताऱ्या मजुराने माझ्यादेखत सांगितले होते, "फांद्या काढा, नाहीतर फळी निघायची नाही." मालकाने त्याला गप्प केले आणि मीही पुढे काही विचारले नाही. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसाला लाकडातले काय कळणार, असे मी घरी सांगतो; पण पावती वाचणे हेच तर माझे काम होते.

2024 मध्ये वखारवाल्याने उरलेल्या 71 झाडांचे 38,000 रुपये सांगितले. गाठींमुळे लांब फळी निघत नाही, आणि बाराव्या वर्षी सागात पक्का गाभा थोडा, बाहेरचे पांढरे लाकूडच फार. पंधरा वर्षांत इमारती लाकूड देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तेवढेही पैसे हाती येणार नाहीत, कारण साग तोडायला परवानगी लागते, तिचा अर्ज जमीनमालकाने करायचा आणि त्याचा फोन बंद आहे.

ठाणे शहरातल्या पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले, "झाडं उभी आहेत ना? मग फसवणूक कसली?" हा दिवाणी वाद आहे, तालुक्याला जा. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सांगितले, पैसे ठाणे शहरात भरलेत, तिकडेच जा. वनखात्याने जमीन खासगी म्हणून हात झटकले, कृषी कार्यालयाने करार तुमचा तुम्ही बघा म्हटले. लोकांकडून असे पैसे गोळा करणाऱ्या सामूहिक गुंतवणूक योजनांना 1999 च्या नियमांनुसार सेबीची, म्हणजे भांडवली बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, हे मला एकाही खिडकीवर कोणी सांगितले नाही. पैसे देण्यापूर्वी तो नोंदणी क्रमांक मागा. अकरा महिन्यांत मी नऊ खेपा घातल्या. तक्रारीला मी प्रत्येक झाडामधील अंतर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडला होता. नवव्या खेपेला तो फाइलमध्ये सापडलाच नाही, आणि मला दुसरा काढून आणायला सांगण्यात आले.