टीपीसीसाठी तारा की जेम?

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी छोटा टाइम प्रोजेक्शन चेंबर (टीपीसी, वायूतून गेलेल्या कणाचा मार्ग टिपणारे उपकरण) बांधताना इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला तारा लावाव्यात की जेम (गॅस इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर, म्हणजे छिद्रांमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारे पातळ फॉइल), हा प्रश्न पडतोच.

मेहनत: तारांची चौकट उद्यमनगरात मिलिंग करून मिळते. खरा कस 20 मायक्रॉनची टंगस्टन तार सारख्या ताणाने ओढण्यात. एक तुटली, शेजारणीवर पडली की अख्खा पट शॉर्ट. जेम विकतच आणावे लागते: 50 मायक्रॉनचे पॉलिइमाइड, दोन्हीकडे तांबे, 70 मायक्रॉनची छिद्रे.

टिकाऊपणा: जेमचा शत्रू धूळ. छिद्रातल्या कणावर ठिणगी पडली की फॉइल कायमचे शॉर्ट होऊ शकते, म्हणून प्रत्येक फॉइलला 10 मेगाओहमचा रोध हवाच. आपल्या पावसाळ्यात दमटपणामुळे विद्युतप्रवाहाची गळती वाढते. आधी कोरडा आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड बराच वेळ वाहू द्यावा, मग व्होल्टेज पायरीपायरीने चढवावे.

वेग: इथे जेम सरस. तारांजवळचे धन आयन मागे सरकून ड्रिफ्ट क्षेत्र (इलेक्ट्रॉनांना टोकाकडे ओढणारे विद्युत क्षेत्र) वाकवतात. हे आयन अडवणाऱ्या तारांच्या जाळीमुळे (गेटिंग ग्रिड) नोंदी घेण्याचा वेग तुंबतो. म्हणूनच सर्नच्या ॲलिस प्रयोगाने आपल्या टीपीसीतल्या तारा काढून चार थरांचे जेम बसवले.

नुसते कॉस्मिक म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण) पाहायचे तर तारा पुरतात. कणांचा मारा जास्त असेल आणि स्वच्छ खोली हाताशी असेल, तर जेमच घ्या.